जुनं पेन, नवी मालकीण

प्रश्न : काका, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, वय २६. दीड वर्षापूर्वी कॉलेजात शिकवायला लागले. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत २०,००० रुपये जमवलेत आणि त्यातून आयुष्यातलं पहिलं भारी शाईचं पेन घ्यायचंय. नवं परवडत नाही, म्हणून जुनं बघतेय. दोन ठिकाणी बोलणं चाललंय. दिल्लीचा एक माणूस माँब्लाँ १४९ हे पेन ११,००० रुपयांत देतोय. डबा आहे, कागद आहेत, पैसे मात्र आधी हवेत म्हणतो. दुसरं म्हणजे आईच्या मैत्रिणीच्या सासरी, जुन्या वाड्यात, एक पार्कर ५१ निघालंय. काळं, सोनेरी टोपणाचं. ते ७,००० म्हणतात. पण वीसेक वर्षं कुणी वापरलेलं नाही आणि नळीवर कुणाचं तरी नाव कोरलंय. कोणतं घेऊ? आणि घेताना काय बघू? (आणि हो, मला अहोजाहो करू नका.)

उत्तर : दिल्लीवाल्याला आजच्या आज नाही कळव. मग चहा टाक आणि पुढचं वाच.

१४९ हे माँब्लाँचं १९५२ पासून चालत आलेलं पेन. त्याच्या शेपटीची खुंटी फिरवली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि शाई निबेतून वर ओढली जाते. त्यात शाईचं तयार काडतूस बसत नाही आणि आपण ज्याला कन्व्हर्टर म्हणतो ती चिमुकली पिचकारीही नसते. नकली १४९मध्ये बहुतेक वेळा तीच असते, कारण दट्ट्याचं यंत्र बनवणं खर्चाचं काम. तेव्हा खात्रीच करायची असेल तर त्याच्याकडे एकच फोटो माग : पेन मधून उघडतं का ते दाखव म्हणावं. खरं तिथे उघडत नाही; उघडून पिचकारी दिसली की विषय संपला. निबेवर ४८१० कोरलेलं असतं, ती त्या नावाच्या डोंगराची मीटरमधली उंची. पण हा आकडा नकली करणाऱ्यालाही पाठ असतो. टोपणावरची पांढरी चांदणी तर शाळकरी मूलसुद्धा काढील. क्लिपच्या कड्यावर क्रमांक असतो म्हणून लोक निश्चिंत होतात. नकली पेनांवरही क्रमांक असतो, फक्त शेकडो पेनांवर एकच. आणि डबा-कागदांचं म्हणशील तर नकली मालात ते सगळ्यात सुबक असतात.

शिवाय हिशेब बघ. मी हिशेब तपासण्यात जन्म घालवला, म्हणून ही खोड. ज्याच्याकडे खरं १४९ आहे, डबा आहे, कागद आहेत, तो माणूस बाजारभाव न बघता ते ११,००० ला ओळखपाळख नसलेल्या मुलीला का देईल? याचं उत्तर त्याच्याकडे असेलच, ‘आई आजारी आहे’ वगैरे. आपल्याकडे नको.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. १९८६ साली ओळखीच्या ओळखीतल्या एका गृहस्थाकडून मी ‘पार्कर ५१’ घेतलं, तेव्हाचे साडेतीनशे रुपये मोजून. टोपणावर बाणाची क्लिप, टोपण खरोखर पार्करचं. महिनाभर ऑफिसात मिरवलं. मग आमच्या सेक्शनमधल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानं आपलं ५१ काढून शेजारी ठेवलं आणि काहीच बोलला नाही. माझ्या पेनाची नळी, निब, आतली शाईची पिशवी, सगळं हिरो ६१६चं होतं. शांघायचं हिरो म्हणजे ५१वर बेतलेलंच पेन, आणि स्वतःच्या नावानं विकलं तर वाईट नव्हे; आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी बोर्डाचे पेपर त्यानंच लिहिले. पण मी खरं टोपण आणि परकं धड घेऊन महिनाभर फिरलो होतो. त्या दिवसापासून मी टोपणाकडे सगळ्यात शेवटी बघतो.

आता वाड्यातलं पेन.

तू ‘भारी’ म्हणालीस म्हणून आधी शंका काढून टाकतो. मैत्रिणी म्हणतील, पार्कर काय, ते तर स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. हे ते नव्हे. कंपनीच्या ५१व्या वर्षी, १९३९ साली हे पेन तयार झालं, म्हणून नाव ५१. बाजारात आलं १९४१मध्ये, तेव्हा अमेरिकेत साडेबारा डॉलरला होतं आणि ते लोकांना महाग वाटायचं. मे १९४५मध्ये जर्मनीनं शरणागती लिहून दिली तेव्हा आयसेनहॉवरनं दोन पेनं व्ही आकारात धरून फोटो काढून घेतला, ती ५१च होती. विकणारा ही गोष्ट सांगायला लागला तर समज, तो हजार रुपये वाढवणार आहे.

जायचं ते सकाळी, उजेडात. आईला नेऊ नकोस. मैत्रिणीच्या सासरी आई भाव करू शकत नाही, आणि तुलाही करू देणार नाही. बरोबर काय घ्यायचं : एक काचेचा पेला, जुन्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा, तुझी रोजची वही, रॉयल ब्लू शाईची बाटली आणि एक दहापट भिंग. भिंग विकत घेऊ नकोस. सराफ्यात ओळखीचं कुणी असेल तर त्याच्याकडून तासाभरासाठी माग.

आणि सराफ्याचा विषय निघालाच आहे तर ऐक. भिंग आण, पण पेन घेऊन तिथे जाऊ नकोस. आमच्या वडिलांचं एक जुनं पेन होतं, चौदा कॅरटच्या निबेचं. सोनं खरं की खोटं असा घरात वाद झाला, आणि एका काकांनी ते उचलून सोनाराकडे नेलं. त्या भल्या माणसानं आपल्या सवयीनं निब कसोटीवर घासली. सोनं खरं निघालं. पण घासली होती ती टोकानं. निबेच्या टोकाला सोनं नसतंच. तिथे इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि कागदावर चालतो तो हाच. तो मणी एका बाजूनं उडाला. वडील पुढे अकरा वर्षं होते, त्या पेनानं त्यांनी पुन्हा लिहिलं नाही आणि काकांना बोललेही नाहीत. सोन्याचा पुरावा हवा असेल तर निबेवरचा आकडा वाचावा, ५८५ म्हणजे चौदा कॅरट, ७५० म्हणजे अठरा. ५१मध्ये मात्र तेही दिसणार नाही, कारण त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, बाहेर फक्त टोक डोकावतं. म्हणून बाकीच्या खुणा नीट बघायच्या.

टोपण ओढून काढायचं. फिरवून निघालं तर थांब, कारण २०२१मध्ये पार्करनं ५१ याच नावानं नवं पेन काढलंय, त्याचं टोपण आट्यांचं आहे आणि आत काडतूस बसतं. पेन म्हणून ठीक, पण वाड्याच्या फडताळात वीस वर्षं पडलेलं ते असणार नाही, म्हणजे गोष्टीत काहीतरी खोट आहे. टोपण निघालं की नळीच्या वरच्या काठाशी, धातूच्या कड्याजवळ, बारीक अक्षरं शोध : पार्कर, ५१, आणि अमेरिका किंवा इंग्लंड. ती वर्षानुवर्षांच्या बोटांनी पुसट होतात, तिरप्या उजेडात धरलं तर दिसतात. माझ्या १९८६च्या पेनावर तिथे काहीच नव्हतं आणि मी बघितलंही नव्हतं.

मग नळी हलक्या हातानं उलट फिरव. ती निघून आत धातूचं आवरण दिसलं, मधे दाबायची पट्टी असलेलं, तर तुझं नशीब चांगलं. हे १९४८ नंतरचं ५१. आतली पिशवी रबराची नाही, एका पारदर्शक प्लास्टिकची आहे, आणि सत्तर सत्तर वर्षं ती टिकलेली मी पाहिली आहे. नळी उघडतच नसेल आणि मागच्या टोकाला छोटी टोपी असून तिच्याखाली दाबायचा दांडा असेल तर ते आधीच्या काळचं व्हॅक्युमॅटिक. त्यातला रबराचा पडदा आजवर नक्कीच कुजलेला असणार. दुरुस्त होतो, पण त्याला खास हत्यार लागतं आणि जाणता माणूस. पहिल्या पेनाला ही कटकट नको. अशा वेळी चहा पिऊन परत ये.

पिशवीचं बघ. पेल्यात साधं पाणी, गरम नाही. निब बुडव आणि पट्टी दाब, सहा वेळा. हा आकडा माझा नाही, पेनाच्या आवरणावरच तसं कोरलेलं असतं. बुडबुडे आले पाहिजेत. पहिल्या एकदोन दाबांत काहीच झालं नाही तर घाबरू नकोस, वीस वर्षांची शाई जिभेत, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्याखालच्या पट्टीत, दगड होऊन बसली आहे. घरच्यांना सांग, रात्रभर निबेकडून बोटभर पाण्यात उभं ठेवा, मी उद्या येते. दुसऱ्या दिवशी पेल्यात निळा ढग उतरलेला असेल. तो बघायला मला अजूनही आवडतो, कुणी शेवटचं काय लिहिलं असेल असं मनात येतं. असो. मग पाणी भर, पुसून घे, निब खाली करून पाच मिनिटं धर. थेंब टपकायला लागले तर पिशवी किंवा सांधा गेला. टपकलं नाही, आणि दाबल्यावर पाणी धारेनं बाहेर आलं, तर अर्ध्याहून अधिक परीक्षा पास.

पाण्याची परीक्षा करू देत नसतील तर? घरची माणसं आहेत, देतील. नाही दिली तर ते पेन चालत नाही असं धरूनच भाव बोलायचा, म्हणजे निम्म्याहून खाली.

आता निब. भिंगातून समोरून बघ : मण्याचे दोन भाग सारखे उंच हवेत, एक पाय वर एक खाली नको. बाजूनं बघ : मणी गोल हवा. खाली चपटा झाला असेल तर मालकानं खूप लिहिलंय. तो चपटेपणा वाईट असतोच असं नाही, पण तो त्याच्या हाताच्या तिरपाईनं झिजलेला असतो. तुझा हात वेगळा तिरपा असेल तर त्या झिजेची कड कागदात रुतते. आमच्याकडे ऑफिसात म्हणायचे, दुसऱ्याची निब आणि दुसऱ्याची चप्पल. चप्पल निदान दिसते तरी.

यासाठी शाई भरून लिहिणं आलं. आणि ते मराठीत लिही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण विकणारे नेहमी इंग्रजी सही करून दाखवतात, गोल गोल, भरभर, आणि सगळ्याच निबा गुळगुळीत वाटतात. इंग्रजीत लांब आडव्या रेघा कमी. आपल्याला प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढायची असते, डावीकडून उजवीकडे, सरळ. मण्याचे दोन भाग वरखाली असतील तर निब नेमकी तिथे अडखळते, खरवडल्याचा आवाज करते किंवा रेघ मधेच सोडून देते. तर पानभर लिही, हळू, दाब न देता. क्ष, ज्ञ, ळ येऊ देत. नुसत्या शिरोरेषा ओढ, आधी उजवीकडे, मग उलट डावीकडे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसरीकडे खरखर म्हणजे पाय वरखाली आहेत. हे जाणता माणूस बोटाच्या नखानं दोन मिनिटांत बसवतो, तू मात्र घरी करायला जाऊ नकोस. दोन्हीकडे खरखर आणि मणी चपटा, तर ती झीज. ती घासून आकार द्यावा लागेल, त्याचे पैसे भावातून वजा कर. दहा मिनिटं लिहून हात थांबावासा वाटला नाही, तर पैसे काढ.

सोनेरी टोपणाचं शेवटी, म्हटलं ना. ५१चं सोनेरी टोपण भरीव सोन्याचं क्वचितच असतं, बहुधा पितळेवर चढवलेला सोन्याचा पत्रा. काठाला आणि क्लिपच्या टोकाशी पितळ उघडं पडलंय का, मार लागून खड्डे पडलेत का, एवढं बघ. खड्डे भावाला कमी करतात, लिहिण्याला नाही.

सात हजार मला जास्त वाटत नाहीत आणि दानही वाटत नाहीत. वरचं सगळं ठीक निघालं तर फार घासाघीस न करता दे. बाकीच्या तेरापैकी दोन बाजूला ठेव, पुढच्या वर्षात एकदा तरी निब दाखवावी लागेल. उरलेल्यात चांगल्या कागदाच्या वह्या घे, कारण फडतूस कागदावर शाई फुटली की लोक पेनाला दोष देतात. शाई साधी, बाटलीतली, कॅमलची रॉयल ब्लूसुद्धा चालते. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या भुकट्या आणि गोळ्यांपासून हा उद्योग सुरू केला, आणि आमच्या लहानपणी गोळी विरघळवून शाई करणं हे घरातल्या धाकट्याचं काम असायचं. मी धाकटा होतो, अंगठा कायम निळा. चित्रकलेची काळी शाई मात्र चुकूनही भरू नकोस, तिच्यात लाख असते, ती आत वाळली की पेन गेलं. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं पाणी, यांनीही नाही पुसायचं. आणि मे महिन्यात पेन गाडीत विसरू नकोस. ग्वाल्हेरचा मे मी तुला काय सांगणार.

राहता राहिलं कोरलेलं नाव. बाजारात नावानं भाव उतरतो, हे बोलून पाचशे रुपये कमी करून घेता येतील, घे. पण घरी आणून ते घासून काढायला जाऊ नकोस. त्या प्लास्टिकवर घासलेली जागा बुळबुळीत चकाकत राहते आणि नावापेक्षा जास्त डोळ्यात येते. कुणाचं नाव आहे ते त्या घरी विचार मात्र. त्यांना सांगता आलं तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, त्याच पेनानं.

---

प्रश्न : आजोबांचं पट्ट्यापट्ट्यांचं जुनं पेलिकन पेन सापडलं आहे. मागची खुंटी फिरत नाही. पक्कड लावून फिरवू का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : पक्कड हत्यारांच्या पेटीत परत ठेवा आणि पेटी माळ्यावर.

पेलिकन १९२९पासून दट्ट्याची पेनं करतं आणि ती चिवट असतात, पण वाळलेल्या शाईत अडकलेला दट्ट्या जोरानं फिरवला की दांडा पिळून तुटतो, आणि मग खरंच काही उरत नाही. आधी फक्त निबेचा भाग दोन दिवस साध्या पाण्यात बुडवा, पट्ट्यांची नळी कोरडी ठेवा. शाई सुटली की निब आणि जीभ दोन्ही एकत्र बोटांत धरून हलकेच उलट फिरवा. पेलिकनची निब आट्यांवर असते, अख्खी बाहेर येते. कोरडी असताना फिरवू नका, जिभेचे बारीक दात मोडतात. आता उघड्या तोंडातून ड्रॉपरनं चार-पाच थेंब पाणी नळीत सोडा, पेन तोंड वर करून पेल्यात उभं ठेवा, रोज पाणी बदला. खुंटीला रोज एकदा फक्त बोटांनी विचारायचं. चार दिवस लागतील, कदाचित दहा. माझ्याकडे एक पेलिकन सतराव्या दिवशी फिरलं, रात्री साडेअकराला, आणि मी बायकोला उठवून दाखवलं.